खुला प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीमचे रूपांतर : चेन्नईच्या 'शक्ती' प्रकल्पाचा विचार

१

चेन्नई शहराच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदीच्या खाडीकाठी एन्नोर वसले आहे. औष्णिक वीजकेंद्रे, खतांचे व रसायनांचे कारखाने आणि २००१ मध्ये सुरू झालेले बंदर ही या परिसराची आजची ओळख होय. हे बंदर मुख्यतः वीजकेंद्रांना लागणारा कोळसा उतरवून घेण्यासाठी बांधण्यात आले; २०१४ पासून ते कामराजर बंदर या नावाने ओळखले जाते. तेथील जुन्या एन्नोर औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला आणि ४५० मेगावॉट क्षमतेचे ते केंद्र मार्च २०१७ मध्ये कायमचे बंद करण्यात आले. एका वीजकेंद्राचे आयुष्य असे सत्तेचाळीस वर्षांचे ठरले.

या आयुर्मानाचा उल्लेख सहेतुक आहे. आजच्या वीजकेंद्रात, बंदरात किंवा कारखान्यात बॉयलरचा दाब मोजणे, कोळशाच्या पट्ट्याची गती राखणे, झडप उघडणे वा मिटणे ही कामे ठिकठिकाणी बसविलेले लहान प्रोसेसर करीत असतात. इमारती व अवजड यंत्रे अर्धशतक टिकतात. प्रोसेसरच्या पिढ्या मात्र पाच-दहा वर्षांत पालटतात. ज्या भाषेत प्रोसेसरला आज्ञा द्यावयाच्या, ती भाषा एखाद्या कंपनीच्या मालकीची असेल आणि कंपनीनेच ती टाकून दिली, तर त्या भाषेत लिहिलेल्या सर्व कार्यक्रमांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ तात्त्विक राहत नाही.

या प्रश्नाला दिलेले एक उत्तर त्याच शहराच्या दक्षिण भागात, गिंडीच्या वनालगत असलेल्या मद्रास आयआयटीत २०१४ पासून घडत आले आहे. 'शक्ती' या नावाने तेथे प्रोसेसरांची एक मालिका रचली गेली. तिचा आराखडा सर्वांना खुला आहे आणि ज्या यंत्रभाषेवर तो आधारलेला आहे ती भाषाही कोणाच्या मालकीची नाही. परंतु प्रोसेसर रचला म्हणजे काम संपत नाही. त्यावर बूट लोडर आणि ऑपरेटिंग सिस्टीम चालू लागेपर्यंत तो सिलिकॉनचा एक मूक तुकडा असतो. दुसऱ्या यंत्रांसाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम नव्या यंत्रावर आणणे या क्रियेला इंग्रजीत 'पोर्टिंग' म्हणतात. वाहून नेणे हा तिच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ. मराठीत तिला रूपांतर म्हणणे अधिक योग्य, कारण जे वाहून न्यावयाचे ते वाटेत काही अंशी बदलावेच लागते. भाषा, भाषांतर आणि संहिता यांचा अभ्यास करणाऱ्यांना परिचित असलेले अनेक प्रश्न या क्रियेत नव्या वेषात भेटतात, म्हणून तिचे स्वरूप येथे काहीसे विस्ताराने पाहावयाचे आहे.

२

मालकीच्या यंत्रभाषांवर विसंबण्याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. अमेरिकेकडून अतिवेगवान संगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. हे यश निर्विवाद मोठे होते. परंतु त्या यंत्राचा गाभा इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या 'ट्रान्सप्युटर' या प्रोसेसरचा होता, आणि त्या दशकातच ट्रान्सप्युटरचा वंश खुंटला. पुढील 'परम ८६००' मध्ये इंटेलचा 'आय-८६०' वापरला गेला. १९८९ मध्ये बाजारात आलेला हा प्रोसेसरही काही वर्षांतच मागे पडला. त्यानंतरच्या परम यंत्रांनी 'स्पार्क' आणि नंतर आयबीएमचा 'पॉवर' असा मार्ग चोखाळला. सुमारे बारा वर्षांत एकाच संगणकमालेला चार यंत्रभाषा शिकाव्या लागल्या. समांतर गणनेची कल्पना, यंत्राची जोडणी आणि अभियंत्यांचे कौशल्य ही संस्थेची स्वतःची होती. ज्या भाषेत ती व्यक्त होत होती ती भाषा मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या निर्णयाने जगली वा मेली.

यातील धोका अलीकडे आणखी स्पष्ट झाला. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांनंतर 'आर्म' या कंपनीने चीनच्या हुआवे कंपनीबरोबरचे व्यवहार काही काळ स्थगित केले. आर्म स्वतः प्रोसेसर बनवून विकत नाही. आपला आज्ञासंच आणि आराखडे वापरण्याचा परवाना ती देते. म्हणजे येथे वस्तूचा पुरवठा थांबला नव्हता, भाषा वापरण्याची अनुज्ञाच अडली होती.

३

आज्ञासंच म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. दोन संख्यांची बेरीज कर, स्मृतीतील अमुक ठिकाणचा अंक उचल, तो तमुक ठिकाणी ठेव, फल शून्य असेल तर पुढच्या आज्ञेऐवजी दुसरीकडे जा, अशा स्वरूपाच्या त्या असतात. या आज्ञांची यादी, त्यांची अंकरूपे आणि त्यांचे नेमके अर्थ मिळून आज्ञासंच होतो. तो एक प्रकारचे व्याकरण आहे. व्याकरण ठरले म्हणजे त्यातील ग्रंथ सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे आज्ञासंच ठरला म्हणजे प्रोसेसर सिद्ध होत नाही. एकाच आज्ञासंचाचे पालन करणारे मंद वा जलद, साधे वा गुंतागुंतीचे अनेक प्रोसेसर रचता येतात.

बहुतेक घरगुती संगणकांत वर्षानुवर्षे चालत आलेला 'एक्स८६' आज्ञासंच इंटेल आणि एएमडी या कंपन्यांच्या हाती आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत क्रस्ते असानोविच, अँड्र्यू वॉटरमन, युनसप ली आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अध्यापन व संशोधन यांसाठी एक नवा आज्ञासंच आखण्यास आरंभ केला. बर्कलेच्या परंपरेतील तो पाचवा, म्हणून त्याला 'रिस्क-फाइव्ह' असे नाव पडले. पूर्णांकांच्या व्यवहारासाठी त्यातील मूळ आज्ञा अवघ्या चाळीस आहेत. गुणाकार-भागाकार, दशांश अपूर्णांक, आखूड आज्ञा इत्यादी गोष्टी त्यावर रचलेल्या ऐच्छिक शाखा होत. २०१५ मध्ये या आज्ञासंचाचा सांभाळ करण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २०२० मध्ये त्याचे कार्यस्थान स्वित्झर्लंडमध्ये हलविण्यात आले, ते कोणत्याही एका राष्ट्राच्या निर्बंधांची छाया त्यावर पडू नये या हेतूने.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. रिस्क-फाइव्ह हे व्याकरण खुले आहे; त्या व्याकरणानुसार रचलेला प्रत्येक प्रोसेसर खुला असतोच असे नाही. अनेक कंपन्या त्यावर आपले बंदिस्त आराखडे रचतात आणि त्यास मज्जाव नाही. 'शक्ती'चे वैशिष्ट्य असे की, व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखालील गटाने व्याकरणाबरोबर ग्रंथही खुला ठेवला. प्रोसेसरचा आराखडा 'ब्ल्यूस्पेक' या रचनाभाषेत लिहून तो बीएसडी परवान्याखाली प्रसिद्ध केला गेला. तो कोणीही वाचावा, त्यात दोष काढावेत, पालट करावा आणि विकावाही. या मालिकेत निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे वर्ग आहेत. लहान नियंत्रक यंत्रणांसाठी 'ई' वर्ग आणि संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम पेलू शकणारा चौसष्ट बिटांचा, पाच टप्प्यांचा 'सी' वर्ग, हे त्यांपैकी प्रमुख होत.

४

ऑपरेटिंग सिस्टीम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते, ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेली 'युनिक्स' प्रथम एका विशिष्ट यंत्राच्या भाषेत लिहिली गेली होती. १९७३ मध्ये तिचा गाभा 'सी' या उच्चस्तरीय भाषेत पुन्हा लिहिण्यात आला आणि तेथून रूपांतराचा मार्ग खुला झाला. १९७७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग विद्यापीठात आणि स्वतंत्रपणे बेल प्रयोगशाळेत ती इंटरडेटा कंपनीच्या यंत्रांवर उतरविण्यात आली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने आरंभिलेली 'लिनक्स' ही तर इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरपुरतीच लिहिली गेली होती. १९९५ पासून तिचीही इतर यंत्रांवर रूपांतरे होऊ लागली.

या रूपांतरात दोन अगदी भिन्न प्रकारची कामे असतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा फार मोठा भाग सी भाषेत असतो. त्याचे नव्या यंत्रभाषेतील भाषांतर 'कम्पायलर' हा कार्यक्रम आपोआप करतो. मात्र त्यासाठी कम्पायलरला आधी ती यंत्रभाषा शिकवावी लागते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या 'जीसीसी' या कम्पायलरमध्ये रिस्क-फाइव्हचा अंतर्भाव २०१७ मध्ये झाला आणि लिनक्सच्या मुख्य प्रवाहात जानेवारी २०१८ मध्ये. चेन्नईच्या गटाला हे सर्व काम एकट्याने करावे लागले नाही, कारण त्याच भाषेत बोलणाऱ्या जगभरातील इतरांनी ते आधीच हाती घेतले होते.

दुसरे काम हाताने करावयाचे असते. यंत्राशी प्रत्यक्ष अंगलट करणारा जो भाग, त्याला उच्चस्तरीय भाषा पुरी पडत नाही. लिनक्सच्या संहितेत असा भाग प्रत्येक यंत्रभाषेसाठी वेगळ्या शाखेत ठेवलेला असतो. बाहेरून व्यत्यय आला असता चालू काम कोठे थांबले हे नोंदवून ठेवणे, एका कार्यक्रमाची रजिस्टरे बाजूला काढून दुसऱ्याची भरणे, स्मृतीचे पत्ते बदलणे, या गोष्टी त्यात येतात. पत्त्यांचेच उदाहरण घेतले तर या कामातील नाजूकपणा कळून येतो. प्रत्येक कार्यक्रमास आपणच संपूर्ण स्मृतीचे धनी आहोत असे भासविले जाते. प्रत्यक्षात त्याने उच्चारलेला काल्पनिक पत्ता प्रोसेसर खऱ्या पत्त्यात बदलून घेतो. चौसष्ट बिटांच्या रिस्क-फाइव्हमधील प्रचलित पद्धतीत हा शोध तीन पायऱ्यांनी होतो. तालुका पाहावा, त्यातून गाव आणि गावातून घर, तसा. घर म्हणजे येथे ४०९६ बाइटांचे एक पान. ही कोष्टके ऑपरेटिंग सिस्टीमने नेमक्या त्याच रूपात भरली पाहिजेत ज्या रूपात प्रोसेसर ती वाचणार आहे. एका बिटाची चूक झाली, तर पुढची आज्ञा कोठून उचलावयाची हेच यंत्राला कळेनासे होते.

५

याहून कूट प्रश्न आरंभाचा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम इतर कार्यक्रमांना स्मृतीत आणून चालू करते. पण तिला स्वतःला कोण आणणार? कितीही निष्णात नट स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, असा दृष्टान्त भारतीय तर्कपरंपरेत दिला जातो. इंग्रजीतील 'बूट' या संज्ञेमागेही बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलण्याची अशीच अशक्यप्राय कल्पना आहे. यंत्रात ही अडचण पायरी-पायरीने सोडविली जाते. प्रत्येक पायरी आपल्याहून थोड्या मोठ्या कार्यक्रमाला हात देते.

वीज सुरू होताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरील आज्ञा वाचू लागतो. तेथे पुसता न येणाऱ्या स्मृतीत अगदी छोटा कार्यक्रम कोरलेला असतो. तो फ्लॅश स्मृतीतून वा कार्डावरून पुढचा कार्यक्रम मुख्य स्मृतीत आणतो आणि त्याच्या हाती सूत्रे देतो. रिस्क-फाइव्हमध्ये अधिकाराचे तीन स्तर मानलेले आहेत: सर्वाधिकार असलेला यंत्रस्तर, त्याखाली ऑपरेटिंग सिस्टीमचा पर्यवेक्षक स्तर आणि सर्वांत खाली वापरकर्त्याच्या कार्यक्रमांचा स्तर. यंत्रस्तरावर राहून ऑपरेटिंग सिस्टीमची सेवा करणारा कार्यक्रम आरंभीच्या काळात 'बर्कले बूट लोडर' हा असे. २०१९ पासून 'ओपनएसबीआय' या कार्यक्रमाने बव्हंशी ती जागा घेतली. दोन स्तरांमधील संभाषणाचे संकेतही ठरलेले आहेत. मूळच्या योजनेत लिनक्सला घड्याळाचा पुढचा ठोका हवा असेल तर ती स्वतः घड्याळाला हात लावीत नाही. यंत्रस्तराला तशी विनंती करते. या संकेतामुळे घड्याळाची जोडणी यंत्रागणिक वेगळी असली तरी वरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी लागत नाही.

अखेरीस सूत्रे लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, येतात तेव्हा तिला दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एका रजिस्टरमध्ये आपण कोणत्या क्रमांकाच्या गाभ्यावर चालत आहोत तो अंक आणि दुसऱ्यात एका लहानशा वर्णनपत्राचा पत्ता. या वर्णनपत्राला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. स्मृती कोठून सुरू होते व किती आहे, अक्षरे बाहेर पाठविणारी तार कोणत्या पत्त्यावर आहे, घड्याळ सेकंदाला किती ठोके देते, ही सर्व माहिती त्यात वृक्षाच्या आकारात मांडलेली असते. परक्या गावी उतरलेल्या प्रवाशाच्या हाती द्यावा तसा तो नकाशा होय. प्रवासी तोच, गावे अनेक. बदलतो तो नकाशा. रूपांतर करणाऱ्याचे पुष्कळसे श्रम हा नकाशा अचूक करण्यात जातात.

नकाशा चुकला की काय होते, हे या क्षेत्रातील लोकांना चांगले ठाऊक असते. तारेला पुरविलेल्या ठोक्यांची संख्या चुकीची नोंदली गेली तर पडद्यावर अक्षरांऐवजी अर्थहीन चिन्हे उमटतात. घड्याळाची गती चुकली तर सारे काही सुरळीत चालल्यासारखे दिसते, परंतु यंत्राचे दहा सेकंद जगाच्या एका मिनिटाएवढे होतात. यंत्रस्तरावरील कार्यक्रमाने व्यापलेली जागा राखीव म्हणून सांगितली नाही, तर कर्नल ती मोकळी समजून तिच्यावर स्वतःची माहिती लिहिते आणि आपल्याच आधाराचा नाश करते. कम्पायलरने आखूड आज्ञांची शाखा गृहीत धरली आणि प्रोसेसरमध्ये ती नसली, तर जवळजवळ पहिल्याच पावलाला 'ही आज्ञा अज्ञात आहे' असा अडथळा येतो. स्मृतीत नव्याने लिहिलेल्या आज्ञा वाचण्यापूर्वी जुना साठा विसरण्याची सूचना प्रोसेसरला दिली नाही, तर तो शिळ्याच आज्ञा पाळीत राहतो. या सर्व चुकांत सर्वांत कठीण ती, जिच्यात काहीच घडत नाही. अक्षर पाठविणारी व्यवस्थाच अजून उभी राहिलेली नसते, त्यामुळे काय बिघडले हे सांगण्यास यंत्राला वाचा नसते. म्हणून तारेवरून पहिले अक्षर बाहेर पडणे हा रूपांतराच्या कामातील खरा टप्पा मानला जातो.

हे प्रयोग प्रत्यक्ष चिप हाती येण्याची वाट पाहत नाहीत. ज्याची अंतर्गत जोडणी हवी तशी पुन्हा पुन्हा करता येते अशा 'एफपीजीए' मंडळावर प्रोसेसरचा आराखडा उतरवून तो मंद गतीने चालविता येतो. बाजारात सहज मिळणाऱ्या लहान मंडळांसाठी शक्ती गटाने 'पिनाक', 'परशू' आणि 'वज्र' अशी आयुधांची नावे असलेल्या जुळण्या उपलब्ध केल्या. त्यांपैकी वज्र ही चौसष्ट बिटांच्या सी वर्गाची होय. एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही त्यामुळे अखंड साखळी, म्हणजे प्रोसेसरच्या आराखड्यापासून पडद्यावरील पहिल्या अक्षरापर्यंत, स्वतः वाचता व तपासता येते. बंदिस्त प्रोसेसरच्या बाबतीत हे शक्य नसते.

प्रत्येक यंत्राला लिनक्सची गरज असते असेही नाही. कोळशाच्या पट्ट्याची गती राखणाऱ्या वा झडप नियंत्रित करणाऱ्या उपकरणाला फायली, जाळे, अनेक वापरकर्ते यांचे कर्तव्य नसते. ठरल्या क्षणी ठरलेले काम होणे एवढीच त्याची अट असते. त्यासाठी 'फ्रीआरटीओएस' किंवा 'झेफिर' यांसारख्या लहान, वेळेच्या बंधनात चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम योग्य ठरतात. त्यांत पत्त्यांची तीन पायऱ्यांची कोष्टके नसतात. रूपांतराचे हस्तलिखित काम बव्हंशी व्यत्यय, घड्याळ आणि कामांची अदलाबदल यांपुरते मर्यादित राहते. ई वर्गाचे प्रोसेसर अशाच कामांसाठी आहेत.

६

शक्तीच्या प्रत्यक्ष चिपांचा इतिहास थोडक्यात असा. २०१८ मध्ये 'राइजक्रीक' नावाच्या ३०० चिपांची पहिली तुकडी अमेरिकेतील ऑरेगन येथे इंटेलच्या कारखान्यात २२ नॅनोमीटर तंत्राने घडविली गेली आणि तिच्यावर लिनक्स सुरू झाली. त्याच वर्षी 'रीमो' ही चिप चंदीगडजवळील सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडविण्यात आली. २०२० मध्ये 'मौशिक' आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली 'आयरिस' या चिपाही त्याच प्रयोगशाळेतील. आयरिस इस्रोच्या तिरुवनंतपुरम येथील इनर्शियल सिस्टिम्स युनिटच्या सहकार्याने अवकाशातील उपयोगासाठी रचली गेली. तिचे वेष्टन कर्नाटकात, मंडळ गुजरातमध्ये, जुळणी चेन्नईत आणि प्रथम आरंभ मद्रास आयआयटीत झाला. या प्रत्येक वृत्तात चिप 'बूट झाली' हाच यशाचा निकष म्हणून सांगितला गेला, हे लक्षणीय आहे.

दोन कारखान्यांतील तंत्रांत कित्येक पिढ्यांचे अंतर होते. तरी आज्ञासंच एकच राहिला. ग्रंथ कोणत्या छापखान्यात निघाला यावर त्याची भाषा ठरत नाही, त्यासारखेच हे आहे. वेग छापखान्यावर ठरतो. कार्यक्रमाची वाचनीयता भाषेवर.

भारतात याच काळात झालेल्या इतर प्रयत्नांशी तुलना केली म्हणजे या निवडीचा अर्थ अधिक उलगडतो. इस्रोच्या अग्निबाणांत २००९ पासून वापरल्या गेलेल्या सोळा बिटांच्या प्रोसेसरचा वारस 'विक्रम ३२०१' मार्च २०२५ मध्ये सुपूर्द करण्यात आला. त्याचा आज्ञासंच स्वतंत्र, खास त्याच कामासाठी आखलेला आहे. अग्निबाणाच्या मर्यादित व अतिदक्ष कामाला तो शोभतो. परंतु ती भाषा बोलणारा समाज लहान असल्याने कम्पायलरपासून सर्व साधने संस्थेलाच घडवावी लागली. त्याच वेळी सुपूर्द झालेल्या 'कल्पना ३२०१' ने, आणि त्यापूर्वी २०१९ मध्ये मुंबईच्या पवई येथील आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने जाहीर केलेल्या 'अजित' या प्रोसेसरने, वेगळी वाट धरली. दोघांनीही स्पार्क या आज्ञासंचाची आठवी आवृत्ती स्वीकारली. स्पार्कची मूळ कंपनी सन २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली. परंतु ही आवृत्ती १९९४ मध्येच सार्वजनिक मानक म्हणून स्वीकारली गेली असल्याने मूळ मालक गेला तरी भाषा उरली आणि तिच्यातील तयार साधनेही उरली. ट्रान्सप्युटर आणि आय-८६० यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तिसरी वाट शक्तीची आणि सी-डॅकच्या 'वेगा' मालिकेची, म्हणजे रिस्क-फाइव्हची. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेला, दोन गाभ्यांचा व एक गिगाहर्ट्झ गतीचा 'ध्रुव-६४' हा याच भाषेतला आहे. ज्या संस्थेने एके काळी बारा वर्षांत चार भाषा बदलल्या तिनेच ही निवड करावी, यात एक अनुभव सामावलेला आहे.

७

खुली भाषा स्वीकारली म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मात्र समजता येत नाही. रूपांतर ही एकदा करून ठेवण्याची गोष्ट नव्हे. लिनक्सची संहिता दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी होते. एखाद्या चिपेसाठी केलेले बदल कर्त्याने स्वतःच्या प्रतीतच ठेवले, तर मुख्य प्रवाह पुढे जातो, ती प्रत मागे पडते, आणि काही वर्षांनी सुरक्षेच्या दुरुस्त्याही तिच्यात सामावेनाशा होतात. उलट ते बदल परीक्षणातून मुख्य प्रवाहात गेले, तर पुढे जो कोणी सामायिक भाग बदलील त्याच्यावर हेही सांभाळण्याची जबाबदारी येते.

मराठी वाचकाला यावरून पैठणच्या एकनाथांचे स्मरण व्हावे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती पुढील तीनशे वर्षांत हातोहाती उतरत गेल्या आणि त्यांत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ निश्चित केला आणि पुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. विखुरलेल्या प्रतींतून एक प्रमाण पाठ राखण्याची गरज दोन्हीकडे सारखी आहे. भेद असा की, एकनाथांना संहिता स्थिर करावयाची होती. येथे संहिता वाढती ठेवूनच तिची एकता राखावयाची आहे. म्हणून येथे नवी ओवी घालण्यास बंदी नसते. ती दहा जाणत्यांनी वाचून संमत करावी एवढीच अट असते.

ही अट न पाळणाऱ्या भाषांचे काय होते, याचा दाखला २०१८ मध्येच मिळाला. त्या वर्षी जानेवारीत रिस्क-फाइव्हला आपल्यात घेणाऱ्या लिनक्सने काही महिन्यांतच आठ जुन्या यंत्रभाषा आपल्या संहितेतून काढून टाकल्या. त्यांची काळजी वाहणारे कोणी उरले नव्हते. इंटेलचा गाजावाजा झालेला 'इटॅनियम' हाही पुढे, ६.७ या आवृत्तीत, त्याच मार्गाने गेला. भाषा बोलणारा समाज पातळ झाला की कोश व व्याकरण असूनही ती जगत नाही, हे यंत्रभाषांनाही लागू पडते.

दुसरा धोका बोलींचा आहे. ऐच्छिक शाखा अनेक असल्याने प्रत्येक कारखानदार वेगळी निवड करतो, आणि एकासाठी केलेले रूपांतर दुसऱ्यावर चालत नाही. यावर उपाय म्हणून किमान अपेक्षित शाखांची प्रमाण यादी ठरविण्यात येते. अशी 'आरव्हीए-२३' ही यादी ऑक्टोबर २०२४ मध्ये संमत झाली. परंतु प्रमाणभाषा ठरली की काही बोली बाहेर राहतात. 'उबुंटू' या लिनक्स संचाने २०२५ मधील आवृत्तीपासून हीच यादी अनिवार्य केली, तेव्हा त्यापूर्वी बाजारात आलेली रिस्क-फाइव्हची जवळजवळ सर्व मंडळे नव्या आवृत्तीला मुकली. शिवाय आराखड्याची साधने, आधुनिक कारखाने आणि कित्येक जोडउपकरणांचे आराखडे अद्याप मालकीचेच आहेत. खुलेपणा साखळीच्या काही दुव्यांपर्यंत पोहोचला आहे, सर्वांपर्यंत नाही.

तरीही या प्रयत्नाचे महत्त्व कमी होत नाही. स्वदेशी प्रोसेसर म्हणजे इतर कोणाला न कळणाऱ्या भाषेत बोलणारा प्रोसेसर, अशी समजूत सहज होते. शक्तीचे उदाहरण वेगळेच काही सुचविते. भाषा सर्वांची असेल, आराखडा वाचता येत असेल आणि रूपांतराचे श्रम सामायिक संहितेत परत जमा होत असतील, तर कोणत्याही एका कंपनीच्या वा देशाच्या निर्णयाने ते वाया जात नाहीत. ज्या यंत्रांकडून अर्धशतकाची सेवा अपेक्षित आहे त्यांच्या बाबतीत हा विचार निर्णायक ठरावा. चिप घडविण्यासाठी एकदा निधी उभा करावा लागतो. तिच्यावरील बूट लोडर व ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळणारी माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या उभी करावी लागतात. चेन्नईत पेटलेला दिवा किती काळ तेवतो, हे यापुढे कारखान्यांपेक्षा अशा माणसांच्या शिक्षणावर अधिक अवलंबून राहील.